वतनापासून सेवायोजनापर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील व्यवसायनिवडीचा इतिहास

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यापुढे ‘पुढे काय करायचे’ हा प्रश्न उभा राहणे आज इतके स्वाभाविक वाटते, की हा प्रश्न समाजात मुळात केव्हा निर्माण झाला याचा विचार सहसा होत नाही. जन्माबरोबरच ज्याचे काम ठरते त्याला हा प्रश्न पडत नाही. काम निवडता येते अशी निदान कल्पना रुजल्यावरच तो पडू लागतो, आणि बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ती कल्पना फार तर दीडशे वर्षांची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणार हे तालुके ‘घाटावर’ आहेत, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे ‘घाटाखाली’ पूर्णेच्या काळ्या जमिनीत पसरलेले आहेत. रेल्वे, कापसाची बाजारपेठ आणि पहिले महाविद्यालय ही सारी घाटाखाली आली, तर जिल्ह्याची कचेरी घाटावर राहिली, आणि तरुणांच्या वाटा कोणत्या दिशेने वळल्या हे बऱ्याच अंशी या विभागणीवरून ठरत गेले. या साऱ्या काळात सल्ला देणाऱ्यांची उणीव कधी भासली नाही. मात्र तो सल्ला जवळजवळ नेहमी त्या त्या वेळी चलती असलेल्या एकाच वाटेचा होता, आणि सल्ला घेणारा तरुण कोण आहे, त्याला काय जमते, काय आवडते याची चौकशी त्यात क्वचितच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडातील गावगाडा वतनाच्या तत्त्वावर चालत असे. वतन म्हणजे पिढीजात चालणारे काम आणि त्याबद्दल मिळणारा जमिनीचा, धान्याचा किंवा मानाचा हक्क. परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे, गावात पाटील व पटवारी, आणि त्यांच्याखाली सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग असे बलुतेदार, अशी ही रचना होती. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली वाकस धरायला शिके, पटवाऱ्याचा मुलगा मोडी वळणाचा सराव करी, आणि व्यवसायाचे शिक्षण व व्यवसायाची निवड या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण याच जगातली असून तिला मराठी समाजातील व्यवसायविषयक सल्ल्याचा सर्वांत जुना नमुना म्हणता येईल. परंतु ज्याला शेतही नाही आणि भांडवलही नाही त्याने काय करावे याबद्दल ती काहीच सांगत नाही. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या दृष्टीने ही रचना म्हणजे सुरक्षितता नव्हती, तर पिढ्यान्‌पिढ्यांची सक्ती होती. तिचे स्मरण गोडव्याने करण्याची जी पद्धत अलीकडे दिसते ती इतिहासाला धरून नाही.

१८५३ च्या तहाने निजामाकडील वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १८६० च्या दशकात त्याची नवी जिल्हारचना होऊन बुलढाणा हे गाव जिल्ह्याचे मुख्य ठाणे बनले, आणि पुढे १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून या जिल्ह्यास जोडले गेले. प्रशासनाच्या या घडामोडींतून तरुणांसाठी एक पूर्णपणे नवी गोष्ट निर्माण झाली, ती म्हणजे पगाराची जागा. मोजणी व जमाबंदी, न्यायालय, पोलीस, टपाल आणि शाळा या खात्यांना लिहिणारी माणसे हवी होती, आणि ती वारसाहक्काने नव्हे तर निदान नियमाप्रमाणे तरी लायकीवर घेतली जाणार होती. प्रत्यक्षात कारकुनीचा मार्ग ‘उमेदवारी’तून जात असे. उमेदवारी म्हणजे पगार न घेता, किंवा नाममात्र मोबदल्यावर, कचेरीत नकला करीत राहून जागा रिकामी होण्याची वाट पाहणे. ज्यांच्या घरी लेखणी आधीपासून होती आणि चार-दोन वर्षे बिनपगारी काढण्याइतके खाऊनपिऊन सुख होते, त्यांनाच ही वाट पेलवत असे. त्यामुळे वतनाने बंद केलेला मार्ग कचेरीने कायद्याने मोकळा केला, तरी व्यवहारात तो बराच काळ अरुंदच राहिला.

या कचेरीच्या जगाशी बुलढाण्याच्या इतिहासातील एक फार मोठे नाव जोडलेले आहे. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कार्यालयात बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते, आणि त्यांनी १८७१ मध्ये ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज’ या नावाचे, म्हणजे सुशिक्षित एतद्देशीयांना उद्देशून, एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यांची कन्या ताराबाई शिंदे हिला परिसरात मुलींची शाळा नसल्याने वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले, आणि १८८२ मध्ये तिने ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ लिहून पुरुषी समाजाच्या दुटप्पी नीतीवर असा प्रखर हल्ला चढवला, की स्त्रीवादी विचाराच्या आरंभीच्या भारतीय ग्रंथांत त्याची आज गणना होते. व्यवसायनिवडीच्या इतिहासाच्या दृष्टीने या घराचा अर्थ फार बोलका आहे. जी बुद्धी व जे शिक्षण पुरुषाला जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंत नेत होते, तेच स्त्रीपाशी असताना तिच्यासाठी त्या काळच्या बुलढाण्यात एकही जागा नव्हती. सुशिक्षितांसाठी लिहिणाऱ्या माणसाच्या घरातील सर्वांत तेजस्वी सुशिक्षित व्यक्तीला विचारण्याजोगा ‘पुढे काय’ हा प्रश्नच समाजाने शिल्लक ठेवला नव्हता.

त्याच १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन प्रवाह असावेत, एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यापार व व्यवहारोपयोगी शिक्षणाचा, अशी शिफारस केली. सर्व मुलांचा कल सारखा नसतो हे सरकारदरबारी मान्य होण्याचा हा आरंभीचा प्रसंग होता. परंतु व्यवहारोपयोगी प्रवाहाला ना प्रतिष्ठा मिळाली ना पुरेसा पैसा, आणि देशभर मॅट्रिकची परीक्षा हेच एकमेव लक्ष्य बनले. वास्तविक व्यापारी शिक्षणासाठी खामगावइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस तुटला, वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. खामगावचा कापूसबाजार एके काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठा समजला जाई. या बाजाराने अडते, दलाल, मुनीम, तोलारी, जिनिंग-प्रेसिंगमधील कारागीर आणि हमाल असा मोठा रोजगार निर्माण केला, मात्र तेथील प्रवेश ओळखीपाळखीने आणि जातीच्या नात्याने होत असे. शाळेतून बाहेर पडलेल्या कुणब्याच्या मुलाला बाजाराचे गणित शिकवणारी व्यवस्था कोणी उभारली नाही, आणि आपल्याच कापसाचा भाव कसा ठरतो हे त्याला कळण्याची सोय झाली नाही, ही या काळाची मोठी चूक मानावी लागेल.

शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी जी वाट खऱ्या अर्थाने खुली झाली ती शिक्षकाची. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणजे मराठी सातवीच्या अखेरची परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्या मुलाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकत असे, पुढे नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, त्याचे प्रशिक्षण होई, आणि गावात ‘फायनल झालेला’ या शब्दांना आजच्या पदवीहून अधिक वजन असे. महाविद्यालय मात्र फार दूर होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, तेव्हा कोठे पदवीचे शिक्षण वऱ्हाडच्या आवाक्यात आले. मेहकरसारख्या ठिकाणाहून तेथवर पोहोचणे तरीही खर्चाचे होते. जे पोहोचले त्यांच्यापैकी अनेकांनी वकिलीची निवड केली, कारण पदवीधराला आपल्या तालुक्याच्या गावी परत येऊन सन्मानाने राहता येईल असा तो जवळजवळ एकमेव व्यवसाय होता. कवी ना. घ. देशपांडे यांनी असेच मेहकरला वकिली करीत आयुष्य काढले आणि त्याच गावी राहून मराठी भावकवितेत स्वतःचे स्थान निर्माण केले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सल्ला देण्याचे काम बहुजन समाजातील चळवळींनी अंगावर घेतले. चिखलीचे सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ मध्ये जोतीराव फुले यांचे चरित्र प्रसिद्ध केले, जे फुले यांच्या आरंभीच्या चरित्रांपैकी एक आहे. १९३० मध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे वऱ्हाडभर शाळा व महाविद्यालयांचे जाळे विणले. आणि जिल्ह्याला लागून असलेल्या औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. या चळवळींचा सल्ला ‘शिका’ एवढाच होता, आणि ज्यांना शतकानुशतके शिकू दिले नव्हते त्यांच्यासाठी तो पूर्णपणे योग्यही होता. वसतिगृहाचे अधीक्षक, संस्थेचे चालक, गावातील पहिला पदवीधर हेच त्या काळचे मार्गदर्शक होते. शिकून झाल्यावर काय, हा प्रश्न त्या पिढीने पुढच्या पिढीवर सोपवला, कारण शिकलेल्यांची संख्याच इतकी अल्प होती की जागा मिळेल याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते.

व्यवसाय-मार्गदर्शन ही स्वतंत्र विद्या म्हणून जगात उदयास आली ती याच सुमारास. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये एक कार्यालय उघडले, आणि १९०९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांचा विचार लोकांसमोर आला. तो विचार साधा होता : तरुणाने आधी स्वतःची क्षमता व आवड ओळखावी, मग निरनिराळ्या कामांच्या अटी, मोबदला व भवितव्य यांची खरी माहिती घ्यावी, आणि शेवटी या दोहोंचा मेळ तर्काने घालावा. भारतात कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने १९३८ च्या सुमारास या दिशेने काम आरंभले, मुंबईत काही खाजगी प्रयत्न झाले, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता, आणि मुंबईत घडणाऱ्या या कामाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

जिल्ह्यापर्यंत जी व्यवस्था पोहोचली ती वेगळ्याच कारणासाठी जन्मलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांना नागरी कामे मिळवून देण्यासाठी केंद्र सरकारने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन केले; फाळणीनंतर निर्वासितांचे काम त्याच्याकडे आले, आणि १९४८ पासून त्याची केंद्रे सर्व बेकारांसाठी खुली झाली. १९५२ मध्ये बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही केंद्रे राज्यांकडे सोपवावीत आणि त्यांनी केवळ नावे न नोंदवता तरुणांना मार्गदर्शनही करावे, अशी शिफारस केली. हस्तांतराचा दिवस ठरला १ नोव्हेंबर १९५६, आणि नेमक्या त्याच दिवशी राज्यपुनर्रचनेने बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना, तसेच पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांना, आपल्या रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक केले. हा कायदा अमलात आला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच दिवशी.

या केंद्राला मराठीत ‘सेवायोजन कार्यालय’ हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ‘एम्प्लॉयमेंट’ हाच शब्द राहिला. दहावी-बारावी किंवा पदवी झाली की ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकणे’, कार्ड काढणे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करणे आणि ‘कॉल’ येण्याची वाट पाहणे, हा कित्येक पिढ्यांच्या तरुणपणाचा ठरलेला भाग झाला. कार्यालयात प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील एक सांकेतिक क्रमांक लिहिला जाई. हे वर्गीकरण, म्हणजे देशातील सर्व कामांची वर्णनासह केलेली यादी, १९५८ मध्ये प्रथम तयार झाले आणि १९६८ मध्ये सुधारले गेले. ही यादी उमेदवारासमोर उघडून त्याला कामांचे जग दाखवावे, हा मार्गदर्शनाचा खरा अर्थ होता. परंतु नोंदणीसाठी रांग लागलेली असताना कारकुनाला क्रमांक टाकण्यापलीकडे वेळ नसे, आणि खुद्द कला शाखेच्या पदवीधराला देता येण्याजोगा नेमका क्रमांक त्या यादीत सापडणेही अवघड होते. कायद्याने जागा कळवण्याची सक्ती केली होती, नोंदवलेल्या माणसालाच घेण्याची नव्हती, ही मर्यादाही होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागांची जाहिरात वर्तमानपत्रांतूनही द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा असा निर्णय दिल्यावर कार्डाचे उरलेसुरले महत्त्व ओसरले. त्यानंतर या कार्यालयाच्या पाटीवर रोजगार, स्वयंरोजगार, कौशल्य विकास, उद्योजकता आणि मार्गदर्शन असे शब्द क्रमाने येत गेले. पाटी जितकी लांबली तितके मनुष्यबळ वाढले असते, तर जिल्ह्याचा इतिहास निराळा झाला असता.

दरम्यान महाविद्यालये वाढली. खामगावात १९४७ मध्ये महाविद्यालय निघाले, साठच्या दशकापासून तालुक्यातालुक्यांत ती उघडली, आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होऊन बुलढाणा जिल्हा नागपूरऐवजी त्याच्या कक्षेत आला. त्याच वर्षी राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. गुणांच्या आधारे विज्ञान, मग अभियांत्रिकी, हा नवा सल्ला घरोघरी पोहोचला. कला शाखेत मात्र तीच मुले राहिली ज्यांना दुसरीकडे जाता आले नाही, आणि त्यांच्यासाठी डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका, ही मोठी आशा ठरली.

डी.एड.चा अनुभव या साऱ्या इतिहासातील सर्वांत कटू आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक, २००० पासून सुरुवातीची काही वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काम आणि मग कायमची वेतनश्रेणी, असा सरळ रस्ता दिसत असल्याने ग्रामीण पालकांनी मुलांबरोबर मुलींनाही या अभ्यासक्रमाकडे मोठ्या संख्येने पाठवले. ताराबाईंच्या जिल्ह्यात सामान्य शेतकऱ्याच्या मुलीला स्वतःच्या पगाराचे स्वप्न पाहता आले ते प्रामुख्याने या वाटेने, हे विसरून चालणार नाही. मागणी पाहून राज्यभर नवी विद्यालये निघाली आणि पदविकाधारकांची संख्या जागांच्या कितीतरी पुढे गेली. मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली, २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेची नवी अट आली, आणि प्रवेश आटल्याने अनेक विद्यालयांना कुलूप लागले. पदविका हाती असलेल्या हजारो तरुणांची उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. दरवर्षी किती शिक्षक निवृत्त होणार आणि किती नवे बाहेर पडणार, हा हिशेब शासनाकडे होता. तो बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

त्यानंतरची लाट स्पर्धा परीक्षांची आहे. २००६ मध्ये केंद्राने आत्महत्याग्रस्त म्हणून विशेष साहाय्य दिलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता, आणि शेतीवरचा विश्वास उडालेल्या घरांनी सरकारी नोकरी हाच एक आधार मानला. बुलढाणा, चिखली, मेहकर येथील अभ्यासिका, पोलीस व सैन्यभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले आणि पुण्याला खोली करून राहिलेले पदवीधर हे या काळाचे चित्र आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून राज्य मंडळाने कलमापन चाचणी घेतली, म्हणजे कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे हे तपासणारी प्रश्नावली, पण काही वर्षांतच ती बंद पडली. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे आणि महाविद्यालयांत ‘करिअर कट्टा’ हा उपक्रमही चालतो. यांचा भर अजून परीक्षेच्या तयारीवर आणि व्याख्यानांवर अधिक आहे. त्याच वेळी देऊळगाव राजा, सिंदखेड राजा व लोणार भागात शेतकऱ्यांनी शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या सावलीगृहात, संकरित भाजीपाल्याचे बियाणे तयार करण्याचा मोठा व्यवसाय उभा केला आहे, आणि खामगावच्या चांदीच्या कारागिरीची कीर्ती देशभर आहे. वनस्पतिशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या कामांची माहिती शिकवणीच्या तासात मिळते असे फारसे आढळत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाख शहाऐंशी हजार असून तिच्यापैकी सुमारे एकवीस टक्केच लोक शहरांत राहतात. अशा जिल्ह्यातील पदवीच्या विद्यार्थ्याला भविष्याविषयी वाटणारी अनिश्चितता हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. त्याला आजवर कामांची खरी माहिती देण्यातच आलेली नाही. यावर पहिला उपाय महाविद्यालयांच्या हाती आहे आणि त्याला फार खर्चही लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपले मागील वीस वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत, कोणते काम करतात, किती वर्षे वाट पाहून तेथे पोहोचले आणि किती जण पोहोचू शकले नाहीत, याची नोंदवही तयार करावी, आणि प्रवेशाच्या दिवशीच ती नव्या विद्यार्थ्यासमोर आणि त्याच्या पालकांसमोर उघडी ठेवावी.